शीग, पासंग आणि छापील किंमत

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा लोहमार्ग त्यांच्या हस्ते सुरू झाला. मुख्य लोहमार्ग खामगावला वळसा घालून गेला होता. एका गावासाठी खास फाटा काढावा, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉयने यावे, एवढे त्या गावात होते काय? कापूस होता. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा ते बुलढाणा जिल्ह्याला जोडले गेले. पण आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा व्यापारी इतिहास सांगायचा तर सुरुवात याच फाट्यापासून करावी लागते.

त्याच १८७० साली मेयो यांच्या सरकारने आणखी एक काम हाती घेतले होते. सबंध हिंदुस्थानात वजने आणि मापे एकसारखी करण्याचा कायदा त्या वर्षी झाला. त्यात फेरबदल होऊन १८७१ चा ३१ वा कायदा आला. शेर म्हणजे बरोबर एक किलोग्रॅम, असे त्यात म्हटले होते. पुढल्या वर्षी अंदमानात मेयो यांचा खून झाला. कायदा मात्र कधीच अमलात आला नाही. खामगावला रेल्वे आली, शेर आला नाही. तो यायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

किराणा दुकानातल्या कटकटींविषयी आपण बोलतो, तेव्हा ते बोलणे बहुधा माणसांच्या स्वभावावर जाते. अमका दुकानदार उद्धट, तमका लबाड, आमच्या गल्लीतला तेवढा बरा. मीही बरीच वर्षे असेच बोलत आलो. या जिल्ह्याच्या बाजाराचा इतिहास वाचताना मात्र मला प्रश्न वेगळा दिसू लागला. भाव कोणाला ठाऊक असतो, माप कोणाच्या हातात असते, आणि यात सरकारने कधी व कोणासाठी लक्ष घातले, हे तीन प्रश्न विचारले की गल्ल्यावरच्या भांडणाचा बराचसा उलगडा होतो.

खामगावचा कापसाचा व्यापार सुरू झाला तो १८२० च्या सुमारास. काही व्यापाऱ्यांनी तिथे दुकाने मांडली. तूप, सूत आणि थोडासा कापूस, एवढाच त्यांचा माल होता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर स्थिरावली. पुढे व्होलकार्ट ब्रदर्ससारख्या परदेशी कंपन्याही खामगावात आल्या. तारेचे खांब उभे राहिले, आणि लिव्हरपूलचा भाव खामगावच्या व्यापाऱ्याला कळू लागला.

या व्यापाराला खात्रीचा माल हवा होता. गाठींत सरकी, माती, ओला कापूस निघू लागला की विलायतेत ओरड होई. म्हणून मुंबई सरकारने १८६३ मध्येच कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला. वऱ्हाडात १८८६ साली, आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे, हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. बाजाराची हद्द ठरली, समिती आली, अडते आणि मापारी परवान्याखाली आले. कृषी उत्पन्न बाजार समिती म्हणून आज आपण जी ओळखतो, तिची ही आजी.

शेतकऱ्याचे यात सगळे भले झाले असे नाही. समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचे होते. शेतकऱ्याला तिथे जागा नाही, ही उणीव १९२८ च्या शाही कृषी आयोगानेही दाखवली. हमाली, तोलाई, अडत, धर्मादाय, कडता अशा नावांनी पट्टीतून पैसे कापले जात. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कापूस विकताना काटा कोणाचा, मापारी कोण, भाव कसा पुकारायचा, याला निदान कागदावर नियम होता.

आता त्याच शेतकऱ्याच्या मागोमाग दुपारी दुकानापर्यंत जाऊ. कापसाची गाडी रिकामी झाली आहे. घरी मीठ, मिरची, गूळ, गोडेतेल न्यायचे आहे. सकाळी ज्या कायद्याच्या काट्यावर त्याचा कापूस तोलला गेला, तो कायदा या उंबऱ्यापाशी संपतो. इथला काटा दुकानदाराचा, माप दुकानदाराचे, आणि भाव त्याच्या तोंडचा.

त्या मापांनी आपल्या भाषेत खुणा ठेवल्या आहेत. धान्य मापताना मापाच्या काठाच्या वर जो ढीग उभा राहतो त्याला शीग म्हणतात. आपण उत्साह शिगेला पोचला असे सहज म्हणून जातो, पण शीग हा एकेकाळी रोजच्या वादाचा विषय होता. धान्य घेताना माप शिगेचे आणि देताना काठोकाठ सपाट, ही दुकानदाराविषयीची जुनी तक्रार. चार शेरांची पायली सगळ्यांनाच पाठ होती. पण ती पायली शिगेची की सपाट, आणि तो शेर किती तोळ्यांचा, हे गावागणिक आणि दुकानागणिक बदले. तराजूची दोन पारडी सारखी नसली, तर हलक्या बाजूला जे वजन अडकवायचे ते पासंग. एखादा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा त्या म्हणण्यात तराजूत खोट असायचीच, हे गृहीत असते. मापे मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत होती. लाभ कोणाचा, हे विचारायची मात्र रीत नव्हती.

खोटे वजन वापरणे गुन्हा नव्हता का? होता. १८६० च्या दंडसंहितेत खोट्या तराजूला आणि खोट्या मापाला शिक्षा सांगितली होती. पण खरे माप कोणते, हेच जिथे ठरलेले नाही, तिथे खोटे माप सिद्ध कसे करायचे? १८७१ चा कायदा निजून राहिला त्याचा परिणाम असा थेट मीठ-मिरचीच्या पुडीपर्यंत पोचत होता.

आणखी एक गोष्ट आज सहसा ध्यानात येत नाही. त्या काळचे सरकारी दरपत्रक पाहिले तर ज्वारीचा भाव 'शेराला इतके आणे' असा नसतो. तो 'रुपयाला इतके शेर' असा असतो. बाजारातली बोलीही तशीच होती. रुपया जागचा हलत नसे, महागाई आली की धान्याचा ढीग लहान होई. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाड होरपळले, तेव्हा भाव चढले हे लोकांना रुपयामागे उतरत जाणाऱ्या शेरांवरून कळत होते. भाव सांगायची ही तऱ्हा दुकानदाराच्या सोयीची होती. आकडा वाढवला तर गिऱ्हाईक लगेच ओरडते. मापातून चार दाणे कमी पडले तर ते घरी जाऊन मोजणार कोण? ही तऱ्हा लक्षात असू द्यावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

तरीही गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात का जात नव्हते? कारण उधारी. किराणा देणारा आणि पेरणीला पैसे देणारा पुष्कळदा एकच असे. ज्याचे नाव खतावणीत आहे त्याने मापाबद्दल बोलायचे तर आधी बाकी चुकती करावी लागे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख सावकारांच्या दस्तऐवजांवर होता. कागद हाती घ्यायचे आणि जाळायचे. त्या उठावाची इतिहासात नोंद सावकारीविरुद्धचा दंगा म्हणून झाली आहे, आणि ती बरोबरच आहे. पण सावकाराचे दुकान आणि त्याची वही ही एकाच गादीवर मांडलेली होती, हेही विसरू नये. उधारीवर जगणाऱ्या माणसाला भाव विचारता येतो, नाकारता येत नाही. 'घ्याचं असन तं घ्या, नाई तं पुढं जा' हे वऱ्हाडी वाक्य कानाला उद्धट लागते. पण ते बोलणाऱ्याला ठाऊक असते की समोरचा पुढे जाऊ शकत नाही.

हे जगात इतरत्र कोणी ओळखले असेल तर ते लँकेशायरमधल्याच रॉचडेल गावच्या विणकरांनी. डिसेंबर १८४४ मध्ये त्यांनी वर्गणी काढून स्वतःचे दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, ओटचा भरडा आणि मेणबत्त्या एवढाच माल. नियम तीन: वजन पुरे, माल शुद्ध, आणि व्यवहार रोखीचा. जगभरची ग्राहक सहकारी भांडारे आपले मूळ या दुकानात शोधतात. त्यांनी रोखीचा आग्रह धरला, कारण उधारी आली की पुरे वजन मागायचे तोंड राहत नाही, हे ते अनुभवाने जाणत होते. आपल्याकडे 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी दुकानदाराने लावली. तिकडे तोच नियम गिऱ्हाइकांनी स्वतःवर लावून घेतला.

दुकानापुढे उभे राहणाऱ्या सगळ्यांना घासाघीस करण्याचा तरी हक्क होता का? नव्हता. अस्पृश्य मानलेल्या माणसाने लांब उभे राहून माल मागायचा, पैसे खाली ठेवायचे, आणि पुडी वरून टाकली जाईल ती झेलायची, ही रीत महाराष्ट्रभर होती. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये फलटण भागातल्या दुकानाचे असे वर्णन आहे. ज्याला तराजूजवळ उभेच राहता येत नाही, त्याने पारड्याचा काटा पाहायचा कसा? दुकानातल्या वागणुकीचा इतिहास लिहिताना हे एक वाक्य म्हणून उरकता येत नाही. खरेदी हा व्यवहार दोघा बरोबरीच्या माणसांमधला आहे, ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा आली. आजही एखाद्या दुकानात कपडे पाहून किंवा बोली ऐकून गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतात, तेव्हा मला त्या लांबून टाकलेल्या पुडीची आठवण येते.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलू लागले. १९५४ मध्ये अन्नभेसळीविरुद्ध देशभराचा कायदा झाला. कापसातल्या भेसळीविरुद्ध मुंबईने केलेल्या कायद्यानंतर ९१ वर्षांनी. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, आणि १९५८ ते १९६२ या काळात ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर, छटाक आणि तोळा गेले. किलो आणि ग्रॅम आले.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा गल्ल्यावर पुन्हा वाद झाले. एक आणा म्हणजे नेमके सव्वासहा नवे पैसे. सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ पैसे धरले होते. म्हणजे आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर २४ पैसे पडत, आणि चार आण्यांची एकदम घेतली तर २५. हिशेबाने यात दुकानदाराचा एक पैसा बुडत होता. व्यवहारात तो बुडू दिला गेला नाही. आण्याच्या वस्तूला सात पैसे मागतात, ही त्या दिवसांतली नेहमीची तक्रार होती. पाव पैशाची ही गोष्ट वाटते क्षुल्लक, पण सुट्या पैशांच्या आजच्या वादाचे मूळ तिच्यातच आहे. शिल्लक राहिलेला अपूर्णांक कोणाच्या खिशात जायचा, हे माणसे नव्हे, गल्ला ठरवतो. आज त्या अपूर्णांकाच्या जागी चॉकलेट किंवा पेपरमिंटची गोळी हातावर ठेवतात. तीच गोळी परत देऊन कोणी काडेपेटी घेऊन दाखवावी.

१९७२ च्या दुष्काळाने आणि महागाईने ग्राहकाला रस्त्यावर आणले. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने निघालेले लाटणे मोर्चे त्याच काळातले. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. एकत्र माल आणायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत रॉचडेलच्या जवळची. आणीबाणीत दुकानाबाहेर भावफलक लावण्याची सक्ती झाली. खडूने लिहिलेला तो फलक आज क्वचित दिसतो, पण त्याने एक गोष्ट पहिल्यांदाच केली. न विचारता भाव कळू लागला.

१९७७ च्या नियमांनी बंद पुड्यावर वजन आणि किंमत छापणे आवश्यक झाले. मात्र बऱ्याच मालावर किंमत छापून पुढे 'स्थानिक कर वेगळे' असे लिहिण्याची मुभा होती, आणि स्थानिक कर किती, हे दुकानदार सांगेल ते खरे. १९९० च्या दुरुस्तीने ही पळवाट बंद केली. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे ज्याला आपण एमआरपी म्हणतो, ती छापणे बंधनकारक झाले. त्याआधी १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच स्थापन झाले.

कायद्याने कमाल म्हटले, बाजाराने मात्र त्यालाच किंमत मानले. छताची उंची सांगितली होती, लोकांनी ती जमीन समजली. काही ठिकाणी तर छतही मोकळे झाले. आमच्याकडच्या एका बसस्थानकाजवळच्या दुकानात मी थंड दुधाची पिशवी घेतली, तेव्हा छापील किमतीवर दोन रुपये जास्त मागितले गेले. विचारले तर उत्तर मिळाले, 'फ्रीजचे'. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे नियमाविरुद्ध आहे, हे मला माहीत होते, त्यालाही माहीत होते. मी दोन रुपये दिले. दोन रुपयांसाठी अर्ज लिहायचा, तारखेला बुलढाण्याला जायचे, दिवस मोडायचा, हे गणित कोणालाच परवडत नाही. संग्रामपूर किंवा लोणारच्या माणसाला तर मुळीच नाही. लहान रकमेची लूट टिकते ती याच हिशेबावर.

दुकानदाराची बाजूही मांडली पाहिजे. फ्रीजचे वीजबिल त्याला येते, वितरकाकडून मिळणारी सूट तुटपुंजी असते, आणि वहीतली बाकी पुष्कळदा कधीच येत नाही. पीक हातचे गेले की गावाला पहिला आधार याच वहीचा असतो, बँकेचा नसतो. मोठ्या दालनात आणि मोबाइलवर मिळणारी सवलत त्याला देता येत नाही. याच खामगावची चांदी शुद्धतेसाठी नावाजली आहे, आणि लोक लांबून तिथे खरेदीला येतात. नाव राखले तर गिऱ्हाईक स्वतःहून येते, हे या जिल्ह्यातल्या व्यापाऱ्याला कोणी शिकवायची गरज नाही. चांदीची शुद्धता कसोटीवर लागते म्हणून तिथे नाव टिकते. किराण्याला कसोटी नाही म्हणून तिथे नावापेक्षा जवळीक चालते.

कित्येक दुकानांत आणि बँकांत ग्राहकाची थोरवी सांगणारी एक पाटी असते आणि खाली महात्मा गांधींचे नाव असते. काही ठिकाणी त्या वचनाला १८९० हे साल आणि दक्षिण आफ्रिका हे स्थळही दिलेले आढळते. गांधीजी १८९० मध्ये लंडनला कायदा शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत ते १८९३ मध्ये गेले. ग्राहकाला मान द्यायचा तर खोट्या सहीच्या पाटीऐवजी खऱ्या भावाचा फलक लावावा, एवढेच सुचवतो.

आता त्या जुन्या तऱ्हेकडे परत येऊ. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा, दहा रुपयांची शेवेची पिशवी, एक रुपयाची शाम्पूची पुडी. खेड्यातल्या दुकानाची निम्मी दोरी याच मालाने भरलेली असते. या पुड्यांची किंमत वर्षानुवर्षे हलत नाही. हलते ते वजन. आधी शंभराच्या आसपास असलेले ग्रॅम हळूहळू उतरत जातात, आणि पुडा तेवढाच फुगलेला राहतो. 'रुपयाला किती शेर' ही पद्धत अशी रंगीत कागदात गुंडाळून परत आली आहे. फरक एवढाच की आता माप दुकानदाराच्या हाती नाही, कारखान्याच्या हाती आहे. आणि गिऱ्हाईक मात्र अजून दुकानदाराशीच भांडते.

यावर उपाय म्हणून २०२१ मध्ये बंद मालाच्या नियमांत दुरुस्ती झाली. एकूण किमतीबरोबर एका ग्रॅमला, एका किलोला किंवा एका नगाला काय भाव पडतो, तेही पुड्यावर छापायचे. अक्षरे बारीक असतात, चष्मा लागतो. पण दोन पुडे शेजारी धरून ते आकडे वाचले, की कोणता महाग ते कळते. मोठा पुडा नेहमीच स्वस्त असतो असे नाही, हेही कळते. १८७१ च्या कायद्याला हेच तर साधायचे होते: जिथे जाल तिथे एकच माप, म्हणजे भावाची तुलना करता यावी.

लँकेशायरच्या गिरणीला खोटा कापूस मिळू नये म्हणून सरकारने १८६३ पासून धावपळ केली. बुलढाण्याच्या बाईला खरे माप मिळावे म्हणून तेवढी घाई कोणी केली नाही. तिच्यापर्यंत कायदा आला तो गिरणीच्या मागून, शतकभराच्या अंतराने, आणि हप्त्याहप्त्याने. सुटा माल तर अजूनही बराचसा दुकानदाराच्या तोंडच्या भावावरच आहे. तेव्हा दुकानात गेल्यावर काट्यावरचा वजनमापे खात्याचा शिक्का कोणत्या सालचा आहे, ते पाहायला हरकत नाही. किलोचा भाव विचारायलाही नाही. दुकानदार कपाळाला आठ्या घालील. घालू द्याव्यात. त्या प्रश्नाला दीडशे वर्षांची थकबाकी आहे.